पाण्याचं माझं, इंजिनाचं वन्संचं

१२ जानेवारी, सोमवार

मशीन आलं. मिस्त्रींनी ते टेम्पोतून उतरवून गाळ्याच्या दारात ठेवलं आणि मी दोन पावलं मागे सरले. बंद होतं, पेट्रोलही घातलेलं नव्हतं, तरी सरले. वन्सं म्हणाल्या, "भागूबाई, ते चावत नाही."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. चौतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढून निवृत्त झाल्या आणि महिनाभरात त्यांना घर खायला उठलं. मी बेकरीच्या गल्ल्यावर बसायचे, ती बेकरी बंद पडली. मग फळांच्या ठोक व्यापाऱ्याचे क्रेट धुऊन द्यायचं काम आम्ही दोघींनी घ्यायचं, असं वन्संनी ठरवलं आणि मी मान हलवली. रोजचे दीड-दोनशे क्रेट, फळांच्या चिकाने बरबटलेले. हाताने घासत बसलो तर क्रेटांच्या आधी आम्हीच झिजू. म्हणून हे प्रेशरचं मशीन घेतलं, जुनं, पेट्रोलवर चालणारं. गाळ्यातल्या विजेला एक दिवा आणि एक पंखा एवढंच झेपतं.

मिस्त्रींच्या डाव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही. माझी नजर तिथेच जाते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "अशाच मशीनने गेलं," म्हणाले. धार बोटाला नुसती लागून गेली होती. सुई टोचावी एवढं भोक, रक्ताचा थेंबही नाही. ते घरी गेले, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोट काढलं, कारण पाणी आणि घाण आतून पार मुळापर्यंत गेली होती. "टोचलं की लगेच इस्पितळ गाठायचं, बाई. दुखत नसलं तरी," एवढं सांगून ते गेले. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे.

मशीनबरोबर माहितीचं पुस्तक आहे. वन्संनी ते चाळलं आणि शिवणीवरून टरकन फाडून त्याचे दोन भाग केले. "इंजिनाचं माझं, पाण्याचं तुझं. मी तुझ्या पाण्यात बोलायचं नाही, तू माझ्या इंजिनात नाक खुपसायचं नाही. एका कामात दोन डोकी घुसली की भांडणं होतात. धुलाईखान्यात आम्ही असंच चालवायचो." मला पटलं. म्हटलं, चला, निम्मंच घाबरायचं आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

माझं अर्धं पुस्तक तीनदा वाचलं. लाल पेनाने रेघा मारल्या. काय काय करायचं ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात बसेल.

आधी नळ सोडायचा, मग इंजिन. पंप कोरडा चालला तर जळतो. गन दोन्ही हातांनी धरायची, पाय फाकवून उभं राहायचं, कारण ती मागे ढकलते. गमबूट आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावायचा नाही. गनचं तोंड माणसाकडे करायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. काम संपलं की इंजिन बंद, नळ बंद, आणि मग पुन्हा एकदा चाप दाबून पाईपात अडकलेलं प्रेशर सोडून द्यायचं. मशीन बंद असलं तरी पाईपात जोर शिल्लक असतो. मग चापाला खिट्टी लावायची. त्यानंतरच नोझल बदलायचं.

नोझल चार रंगांची आहेत. लाल रंगाच्या नोझलची धार सुतासारखी बारीक येते, ती सगळ्यांत वाईट. ते मी घरी आणून साखरेच्या रिकाम्या डब्यात लपवलं. ह्यांनी विचारलं, "डब्यात काय आहे?" मी म्हटलं, "बोट कापणारी वस्तू." ह्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. माझ्याशी संसार करून तेवीस वर्षं झाली, ह्यांना सवय आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

पहिला दिवस. गाळ्यापुढच्या अंगणात मशीन ठेवलं. वन्संनी दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला ते गरजायला लागलं आणि मी मागे पळाले. पण धार क्रेटावर पडली आणि महिनोन्‌महिन्यांची घाण क्षणात निघाली, खाली निळं प्लास्टिक चमकलं. वन्सं लहान पोरीसारख्या हसत होत्या. मी दहा पावलांवर उभी राहून ओरडत होते, "दोन्ही हात, वन्सं, दोन्ही हात."

एकशे वीस क्रेट झाले. मी फक्त रचायचं काम केलं. संध्याकाळी मशीनमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाची जाळी काढून धुतली, पुस्तकात रोज धुवायला सांगितलं आहे. दोघींची बोटं मोजली, वीसच्या वीस आहेत.

१९ जानेवारी, सोमवार

समोर शिवणकामाचा वर्ग आहे. तिथल्या शिक्षिका आज आल्या. आवाजाचं काही म्हणणं नाही, म्हणाल्या, मशिनी आमच्याही खडखडतात. पण तुषार उडून दोरीवर लावलेले कपडे भिजतात. वन्संनी मशीनचं तोंड फिरवून भिंतीकडे केलं. भांडण न होता मिटलं.

आज गन मी धरली. पाच मिनिटं. मग वन्संना परत दिली.

२१ जानेवारी, बुधवार

मला आज झोप लागणार नाही.

वर्गाला येणाऱ्या एका बाईची तीन वर्षांची मुलगी आहे. अकराच्या सुमारास ती चेंडूमागे धावत सरळ आमच्या अंगणात आली. गन माझ्या हातात होती. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. वन्संनी माझा खांदा मागे खेचला म्हणून मी चाप सोडला. मूल माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून पाण्याकडे बघत होतं.

तिच्या आईने तिला उचलून नेलं, वर मलाच म्हणाली, "सॉरी हं, फार वांड आहे." मी गाळ्यात जाऊन बसले आणि रडले. मिस्त्रींचं मोठ्या माणसाचं बोट होतं. हिचं काय झालं असतं?

२२ जानेवारी, गुरुवार

मी सांगितलं, काम आत करायचं. वन्संच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आत कोंदट होईल गं. धूर होतो त्याचा."

"थोडा होईल. पण मूल येणार नाही."

"मूल आलं तर मी बघेन."

"काल तुम्ही बघितलंत म्हणून वाचलं. उद्या तुम्ही नसाल तर? आत घेणार नसाल तर मी उद्यापासून येत नाही." आयुष्यात पहिल्यांदा वन्संशी अशी बोलले असेन. त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं बाई, तुझ्या जिवाला शांतता मिळू दे." दोघींनी ढकलत मशीन आत नेलं. शटर कमरेपर्यंत खाली ओढलं.

गाळा आत लांब आहे, काम छान होतं. मागच्या छोट्या खिडकीतून तुषार बोळात जात होते, तिला मी प्लास्टिक ठोकलं.

२४ जानेवारी, शनिवार

ती मुलगी शटरखालून वाकून बघत होती. मी तिला बाहेर पोचवून आले आणि शटर पार जमिनीला टेकवलं. आत-बाहेर करताना हातभर उचलायचं, वाकून निघायचं, पुन्हा टेकवायचं. वन्सं म्हणाल्या, "तुरुंग केलास की." पण माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मी निर्धास्त होते. गन चाळीस मिनिटं धरली.

डोकं थोडं दुखतंय. ताण उतरल्यावर माझं नेहमी दुखतं.

२५ जानेवारी, रविवार

सुट्टी. डोकं ठीक.

२८ जानेवारी, बुधवार

व्यापारी खूश आहे, दोनशे क्रेट पाठवायला लागला आहे. आम्ही सकाळी नऊ ते दोन काम करतो.

डोकं रोजच दुखतं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं वाटतं. वन्संचंही दुखतं, पण त्या कुरकुर करत नाहीत, फक्त बोलायच्या थांबतात. दुपारी जेवण समोर आलं की दोघींच्या पोटात ढवळतं. हे म्हणाले, "दोघींचे चष्मे बदलून घ्या." ते खरं असेल. आतला उजेड कमीच आहे.

आज वन्संनी गरम इंजिनात पेट्रोल ओतलं. मला ते बरं दिसलं नाही, पण इंजिनाचं त्यांचं, म्हणून मूग गिळून बसले.

३१ जानेवारी, शनिवार

चष्म्यांच्या दुकानात जाऊन आलो. दोघींचाही नंबर बदललेला नाही. दुकानदार म्हणाला, "पाणी कमी पिता का?" आता दोन बाटल्या भरून नेणार.

मला वाटतं, हे भीतीचंच दुखणं आहे. दिवसभर मी डोळ्यांत तेल घालून त्या गनच्या तोंडावर लक्ष ठेवते, मग दुसरं काय होणार? वन्संनाही माझीच भीती लागली असावी. रविवारी दोघी ठणठणीत असतो, हाच त्याचा पुरावा.

४ फेब्रुवारी, बुधवार

गाळ्यातच बसून लिहिते आहे, उलट्या क्रेटावर. वन्संचे शेवटचे तीस राहिलेत. आज क्रेट दोनशे दहा. फळवाल्याने सांगितलं की उद्या उद्या दोनशे चाळीस. आज क्रेट दोनशे दहा. मला काहीतरी लिहायचं होतं जाळीबद्दल. जाळी धुतली का. दिव्याभोवती गोल दिसतो आहे, छान दिसतो. झोप येते आहे. जाळी

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल काय लिहिलं ते वाचून माझी मलाच भीती वाटली. अक्षर माझं वाटत नाही. दिव्याभोवतीचा गोल मला आठवतच नाही. आजीला म्हातारपणी भ्रम व्हायचा, पण ती नव्वदीची होती, मी एक्कावन्नची आहे.

ह्यांना दाखवलं नाही. काम बंद कर म्हणतील आणि वन्संचा हिरमोड होईल. त्या काल व्यापाऱ्याच्या माणसाला सांगत होत्या, "आमची कंपनी आहे." कंपनी म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

वन्संनी उलटी केली. म्हणाल्या, कालची भाजी बाधली. तीच भाजी ह्यांनीही खाल्ली, ह्यांना काही झालं नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाल्या, "अगं, चौतीस वर्षं इस्पितळात होते, एक दिवस आजारी पडले नाही. आता तुझ्या नादाने पडू?"

गन वापरताना आता त्यांचे गुडघे वाकतात. मी म्हटलं, पाय फाकवून उभ्या राहा, पुस्तकात आहे. "हो गं बाई," म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

परवाचं आज लिहिते आहे. इस्पितळाच्या बाकावर बसून.

बुधवारी साडेबाराला टेम्पो आला म्हणून मी बाहेर गेले. धुतलेले क्रेट मोजून दिले, टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोलले. वीस मिनिटं झाली असतील. बाहेरच्या हवेत डोकं जरा हलकं झालं होतं. परत आले, शटर हातभर उचललं, वाकून आत शिरले आणि ते पुन्हा खाली टेकवलं. रोजच्यासारखंच. हात आपोआप मागे गेला.

इंजिन चालू होतं, पण पाण्याचा आवाज नव्हता. वन्सं क्रेटांच्या थप्पीला टेकून बसल्या होत्या. गन मांडीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे.

माझ्या मनात एकच आलं, की टोचलं. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले आणि भोक शोधायला लागले. आधी उजवा हात, मग डावा. एकेक बोट दिव्याकडे धरून बघितलं. गमबूट ओढून काढले, पाय बघितले. गळा बघितला. हाका मारत होते, "वन्सं, कुठे लागलं? वन्सं, कुठे लागलं?" त्या ओठ हलवत होत्या, ऐकू येत नव्हतं, इंजिन शेजारीच गरजत होतं. माझेही हात जड झाले होते, एक बूट काढायला किती वेळ लागला देव जाणे.

भोक सापडलं नाही. मग मी इंजिन बंद केलं. आणि मग काय केलं, तर नळ बंद केला. गन उचलून भिंतीकडे धरली, चाप दाबला, पाईपातलं प्रेशर सोडलं. खिट्टी लावली. माणूस समोर मरायला टेकलं होतं आणि मी खिट्टी लावत होते. सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, ओळीने.

त्यानंतर मदतीला हाक मारायची म्हणून शटर उचललं. कमरेपर्यंतच गेलं, पुढे जोर नव्हता. शिवणवर्गाच्या शिक्षिका समोर त्यांच्या दारातच होत्या, त्यांनी आणि वर्गातल्या दोघींनी धावत येऊन ते पूर्ण वर ढकललं. शिक्षिका तोंडाला पदर लावून मागे झाल्या. "अहो, केवढा धूर कोंडलाय आत," म्हणाल्या. मग त्यांनी वन्संना फरफटत अंगणात आणलं. मी त्यांच्या मागून चालत आले आणि तिथेच पडले. पुढचं मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूला जागा देत नाही. धूर दिसतो तो निराळा, हा दिसतही नाही. त्यांनी विचारलं, "मशीन कुठे होतं?"

"आत."

"शटर?"

"बंद."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला चार तास नळीतून प्राणवायू दिला. वन्संना अजून देताहेत. आज सकाळी त्यांनी डोळे उघडून मला नावाने हाक मारली, म्हणजे त्यांनी ठेवलेल्या, भागूबाई म्हणून. मी बाहेर येऊन खूप रडले.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज एक गोष्ट घडली. ती लिहायला हवी.

हे संध्याकाळी वन्संच्या पलंगाशी बसले होते. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना सगळं समजावून सांगितलं होतं आणि ह्यांचा तोल गेला. "ताई, चौतीस वर्षं इस्पितळात काढलीस, एवढं कळू नये? इंजिन आत, शटर बंद? स्वतः मेली असतीस आणि हिलाही घेऊन गेली असतीस."

वन्सं उशीवरून म्हणाल्या, "चुकलं बाबा. थंडी वाजायची म्हणून मीच शटर ओढायचे. ही बिचारी ओरडायची, उघडा म्हणायची. मी ऐकलं नाही."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. वन्सं माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्या चुकीवर पांघरूण घालताहेत की त्यांना खरंच तसं आठवतंय, हे मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की हे माझ्यावर रागावलेले नाहीत. मी पाण्याचा ग्लास भरून वन्संना दिला आणि गप्प राहिले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं घरी आल्या, आमच्याकडेच राहणार आहेत. चालतात, जेवतात, चेष्टा करतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा रुग्णांना कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा त्रास होतो, विसरायला होतं, लक्ष ठेवा. मी म्हटलं, हो. पण वन्सं इतक्या खणखणीत आहेत की ती गोष्ट माझ्या मनात टिकलीच नाही.

उद्या सांगेन त्यांना, की शटर मी ओढायला लावलं. त्या विसरल्या असतील तर आठवण करून देईन, पांघरूण घालत असतील तर म्हणेन, नका घालू. उद्या नक्की.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं नाही. त्यांची मैत्रीण आली होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वन्संच्या घरी त्यांचे कपडे आणायला गेले. कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी घालून काहीतरी सरकवलेलं होतं. रंग ओळखीचा वाटला. काढून बघितलं तर पुस्तकाचा त्यांचा अर्धा भाग. उघडलेलाही नाही, पानं एकमेकांना चिकटलेली.

पहिल्याच पानावर घराचं चित्र आहे, आत मशीन, आणि त्यावर मोठी फुली. खाली लिहिलंय, इंजिन बंद जागेत कधीही चालवू नये, दारं-खिडक्या उघड्या असल्या तरीही नाही, जीव जाऊ शकतो. एवढ्या ठळक अक्षरांत, की चष्मा नसता तरी वाचता आलं असतं. पुढच्या पानावर, इंजिन निवल्याशिवाय पेट्रोल घालू नये.

मी त्या कपाटासमोर जमिनीवर बसून राहिले. त्यांनी वाचलं नाही, हे खरं. पण त्या न वाचताही म्हणाल्या होत्या, धूर होतो. मी वाचत बसले होते रात्रंदिवस, आणि मीच म्हटलं होतं, थोडा होईल.

आज सांगायला हवं होतं. त्या खुशीत होत्या, मशीन विकायचं नाही, बाहेर मोकळ्या जागेत लावू, पडदा बांधू, असे बेत करत होत्या. मी म्हटलं, आता कशाला रंगाचा बेरंग?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं नाही. कारणही नाही. घाबरले.

त्या रागावतील ह्याची भीती नाही, रागावल्या तर बरंच. "मी तुझ्या जिवाच्या शांततेसाठी ऐकलं," असं त्या म्हणाल्या तर मी कुठे तोंड लपवू?

४ मार्च, बुधवार

वन्संनी सकाळी दोनदा चहा केला. मी हसले. मग तिसऱ्यांदा आधण ठेवलं.

दुपारी न्हाणीघर कुठे आहे ते विचारलं. ह्या घरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या आहेत.

६ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच ते, ह्याचीच शंका होती. जुनं बहुतेक राहील, पण नवं टिकणार नाही. काही महिन्यांत बरेचसे लोक सावरतात, सगळे नाही. वन्संच्या बाबतीत आत्ताच सांगता येणार नाही.

घरी येताना वन्संना मागच्या सीटवर झोप लागली, तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं. शटर, खिडकीवरचं प्लास्टिक, येत नाही म्हणून दिलेली धमकी, त्या दिवशी आत शिरताना पुन्हा ओढलेलं शटर. हे गाडी चालवत होते, त्यांनी ती बाजूला थांबवली. मग म्हणाले, "मला काय सांगतेस? मी ताईला वाटेल ते बोललो, त्याचं मी बघेन. तू तिला सांग."

मी म्हटलं, "आता त्यांच्या लक्षात राहणार नाही."

"ते तुला आधी कळायला हवं होतं," म्हणाले. ओरडले असते तर इतकं लागलं नसतं.

८ मार्च, रविवार

आज सांगितलं. त्यांचे केस विंचरत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून जमलं.

वन्संनी माझा हात धरून थांबवला. मग वळल्या. "मग मी सगळ्यांना काय सांगत फिरले?" फार रागावल्या. माझ्या हातातला कंगवा घेतला आणि जेवेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय गं." चेहरा स्वच्छ होता. मला क्षणभर वाटलं, माफ केलं. मग लक्षात आलं, राग गेलेला नाही, आठवणीतून पुसला गेला आहे.

९ मार्च, सोमवार

शिवणवर्गाच्या शिक्षिका भेटायला आल्या. वन्सं त्यांना म्हणाल्या, "मीच शटर ओढायचे हो. ही बिचारी ओरडायची." जुनं राहील म्हणतात ते असं. खोटंच तेवढं पक्कं बसलं आहे. पंधरा फेब्रुवारीला मी ग्लास भरून देण्याऐवजी तोंड उघडलं असतं, तर खरं बसलं असतं.

मी शिक्षिकांसमोरच म्हटलं, "नाही वन्सं, मी ओढलं." वन्सं रडायला लागल्या. का ते सांगता आलं नाही त्यांना.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं. आज हसल्या. "तू? तुला शटर ओढायला तरी जमतं का?"

१४ मार्च, शनिवार

आज सांगितलं नाही. विचार केला, कशाला रोज त्यांना नवा घाव द्यायचा? हा त्यांच्यासाठी नाही, माझ्याच मनाच्या शांततेसाठी चाललेला उद्योग आहे, असंही वाटलं. दिवस छान गेला. संध्याकाळी मिस्त्री मशीन बघायला आले. वन्सं त्यांना सांगत होत्या, माझ्या मूर्खपणाने झालं, मी अडाणी बाई, मला अक्कल नाही. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. चौतीस वर्षं एक चादर फाटू न देणारी बाई.

मी दारातून ऐकलं आणि आत गेले नाही.

१५ मार्च, रविवार

पुन्हा सुरू केलं. त्या उठल्या की पहिल्या चहाबरोबर सांगायचं, कोणी भेटायला यायच्या आधी, म्हणजे दिवसाचे चार तास तरी त्या स्वतःला दोष देणार नाहीत. दुपारपर्यंत टिकतं असं दिसतंय.

२० मार्च, शुक्रवार

आज पहाटे उठून बसले होते. रोज सांगते, तरी रोज पहिल्यांदाच सांगते, कारण त्या रोज पहिल्यांदाच ऐकतात. काल माफ केलंत, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

चहा दिला. त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, कालच्यासारखंच, काही न गाळता. त्यांनी कप खाली ठेवला. "मग इतके दिवस का नाही सांगितलंस गं?"

"घाबरले होते."

"मला? मी काय खाल्लं असतं तुला?" त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. "एकदा बोलून मोकळी झालीस ना, आता संपलं. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी म्हटलं, "हो वन्सं."

उद्या सकाळी पुन्हा सांगायचं आहे, आणि उद्या त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही.